उन्हाकडे पाठ

चैत्र लागला की माझ्या रविवारच्या वर्गात कुणी ना कुणी हमखास विचारतं, "मॅडम, एवढ्या रणरणत्या उन्हात फोटो काढायचे तरी कसे?" माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. काढायचे नाहीत. कॅमेरा पिशवीत घालायचा, घरी जायचं आणि कलिंगड खायचं. मंडळी हसतात. सांगलीत कृष्णेच्या घाटावर आमचा हा हौशी लोकांचा वर्ग भरतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, मोबाइलवरच भागवणाऱ्या कॉलेजच्या मुली आहेत, आणि हळदीचे एक अडते आहेत. अडत्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स माझ्या कोपरापर्यंत येते आणि ती वर्षातून एकदा, नातीच्या वाढदिवसाला, बाहेर निघते. मी शाळेत चित्रकला शिकवते. फोटोचं वेड माझं स्वतःचं, त्याचा पगार कुणी देत नाही.

या रविवारी तोच प्रश्न अडत्यांनी विचारला. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण कलिंगडाचं वाक्य काही बाहेर येईना. समोर नदीच्या पाण्यावरचं ऊन डोळ्यांवर मारत होतं, घाटाच्या पायऱ्या तापायला लागल्या होत्या, आणि माझ्या गुडघ्यांना मात्र दुसऱ्याच दगडाचा चटका आठवत होता. औंधच्या डोंगरावरच्या, गेल्या वर्षीच्या चैत्रातल्या. "पुढच्या वेळी सांगते," असं काहीतरी पुटपुटून मी वर्ग लवकर सोडला.

तसं मी शिकवते ते फार थोडं आहे. कशाचा फोटो काढायचा ते ठरवण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघा, एवढंच. एकदा या सगळ्यांना हळदीच्या बाजारात नेलं होतं. आत शिरल्या शिरल्या सगळे पोत्यांवर तुटून पडले. पिवळं दिसलं की माणसाला भान राहत नाही. मी म्हटलं, अहो, पोती कुठं पळून जात नाहीत, जरा वर बघा. छपराच्या पत्र्यात एक फट होती. तिच्यातून उन्हाची एक तिरकी पट्टी खाली उतरली होती आणि हवेतली हळद फक्त त्या पट्टीपुरती दिसत होती. तिथंच थांबा म्हटलं, माणूस आपोआप येईल. थोड्या वेळानं एक बाई सूप घेऊन आली, त्या पट्टीत क्षणभर उभी राहिली, आणि तिच्या खांद्याची कड सोन्याची झाली. मुलींनी तेवढ्यात फोटो घेतला. अडते लेन्सचं झाकण शोधत राहिले.

बाकीचं सगळं सवयीचं काम आहे. मोबाइलची काच आधी पदरानं पुसा, निम्मे फोटो तिथंच सुधारतात. चेहरा बरोबर मधोमध ठेवू नका, आपल्याला आधार कार्ड काढायचं नाही. माणूस जिकडे बघतोय तिकडे थोडी जागा मोकळी सोडा, त्याच्या नजरेला कुठंतरी जाता आलं पाहिजे. चौकटीच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवा, नाहीतर चांगल्या माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवतो. लहान मुलाचा फोटो काढायचा तर गुडघ्यावर बसा. आणि सूर्य आपल्या पाठीशी असू द्या. समोरच्याच्या पाठीशी असला तर त्याचं तोंड काळं येतं. हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगते, फळ्यावर बाणबिण काढून.

माझं स्वतःचं शिक्षण औंधला झालं असं मी म्हणते, तेव्हा लोकांना वाटतं मी तिथल्या शाळेत होते. तसं नाही. आमचं गाव वडूजच्या बाजूचं, खटावच्या कोरड्या माळावरचं. घरी शेळ्यामेंढ्या, थोडी ज्वारी, आणि पाऊस आला तर आला. शाळेची सहल एकदा औंधच्या डोंगरावर गेली होती. यमाईचं दर्शन झालं आणि मास्तरांनी आम्हाला तिथल्या संग्रहालयात रांगेनं फिरवलं. एका चित्रात एक बाई खिडकीपाशी उभी होती. तिचा अर्धा चेहरा उजेडात होता आणि अर्धा सावलीत, आणि मला तो सावलीतला अर्धाच जास्त बघावासा वाटत होता. रांग पुढे गेली, मी तिथंच. मास्तरांनी कान धरून बाहेर आणलं. पण तेव्हापासून कुणाच्याही चेहऱ्याकडे बघताना मी आधी उजेडाची बाजू बघते आणि मग माणूस, हे काही फार चांगलं लक्षण नाही असं माझ्या नवऱ्याचं मत आहे.

माझा धाकटा भाऊ म्हादू फौजेत आहे. आमच्याकडे यात काही विशेष नाही, गावात आळीआळीला फौजेतले आहेत. यात्रांचा हंगाम आला की सगळे सुट्टी काढून येतात. मग पारावर बारीक केस कापलेली डोकी दिसायला लागतात, घराघरांतून काळ्या ट्रंका निघतात, कुणी मिलिटरीचा कंबलच अंथरून मित्रांना बसायला देतो. पालखी, छबिना, कुस्त्या. चैत्राच्या उन्हात गाव असं भरलेलं असतं, आणि वैशाखात एकेक घर पुन्हा बायकांचं होतं.

गेल्या वर्षी म्हादू आला तो पहिल्यांदा मुलीला बघायला. मुलीचं नाव सई, तेव्हा ती मान धरायला लागली होती. तिचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. आजच्या काळात हे कुणाला पटायचं नाही. दवाखान्यात नर्सनं मोबाइल काढला तेव्हा आईनं तिच्या हातावर हात ठेवला होता. "न्हाई बाई. फोटो न्हाई."

याला कारण होतं. सईच्या आधी म्हादू आणि रूपालीला एक मुलगा झाला होता. झाला त्याच दिवशी आमच्या मावसभावानं त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. शुभेच्छा आल्या, फुलं आली, नाचणारी चित्रं आली. म्हादूलाही तो फोटो तिकडे डोंगरात कुठंतरी मिळाला. पोरगं पुरतं बाळसंही धरायच्या आधी तापानं गेलं. म्हादूला त्याला हातात घ्यायला मिळालं नाही. बातमी मीच त्याला फोनवर सांगितली होती. पलीकडे वारा ऐकू येत होता, बराच वेळ फक्त वारा, आणि मग त्यानं एकच शब्द उच्चारला, "बरं." फोन बंद झाला. त्या "बरं"चं काय करायचं ते मला कळलं नाही.

आईचं मात्र पक्कं झालं. "फोटू फुडं गेला आन् पोरगं मागनं," ती म्हणायची. मी शिकलेली मुलगी, शाळेत शिकवणारी, पण तिच्याशी वाद घालायची माझी छाती झाली नाही. वाद घालून मला काय मिळणार होतं? तिनं यमाईला बोलून ठेवलं: पुढचं लेकरू आधी बापाच्या हातानं देवीच्या पायावर घालीन, मगच त्याचा फोटो. बापाच्या हातानं, हे महत्त्वाचं. म्हणून सई बापाची वाट बघत बिनफोटोची वाढत होती. रूपाली कधी काही बोलली नाही. फक्त एकदा मला म्हणाली, "आक्का, त्येच्यासंगं ह्यांचा फोटू न्हाई. हिच्यासंगं तरी एक पायजे." मी तिला शब्द दिला. साधा नाही, असा काढीन म्हटलं, की पिढ्या बघतील.

ठरलं होतं मंगळवारचं, देवीच्या वाराचं. मी आधीच्या आठवड्यात एकटी जाऊन औंधचा डोंगर बघून आले होते, पहाटे. कुठल्या पायरीवर बसवायचं, पायऱ्यांची रांग चौकटीत कोपऱ्यातून कशी वर न्यायची, सूर्य वर आला की कोवळं ऊन कुठल्या भिंतीवर आधी पडतं, सगळं पाहून ठेवलं होतं. म्हादूनं मुलीकडे बघायचं, डावीकडे खोरं मोकळं सोडायचं. डोळे मिटले तरी मला तो फोटो दिसत होता.

मग रविवार उजाडला. आम्ही सकाळची न्याहारी करत होतो. म्हादूच्या ताटात भाकरी होती, बाहेर यात्रेचा कर्णा सुरू होता. बातम्यांत काही दिवस सीमेवरचं चाललंच होतं, पण यात्रेत त्या बातम्या कुणी मोठ्यानं लावत नव्हतं. आधी पलीकडच्या आळीत एक फोन वाजला. मग शेजारच्या घरात. मग समोर. मधे कर्णा थांबला होता म्हणून ते ऐकू आलं. सगळ्या आळीला कळलं. आमच्या घरी सगळे म्हादूच्या मोबाइलकडे बघत होते. तो वाजला तेव्हा म्हादू बसल्या जागी ताठ झाला.

"जी साब," एवढंच दोनदा बोलला. फोन ठेवला आणि उरलेली भाकरी खाल्ली. मग हात धुऊन म्हणाला, "आई, निगाय लागतंय. दुपारच्याला साताऱ्यातनं गाडी हाय, आमी सगळे संगंच जातूय."

आई चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली. रूपाली सईला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती, ती सासूकडे बघत राहिली. मला माहीत होतं ती काय मागतेय. आईलाही माहीत होतं.

"आज मंगळवार न्हाई," आई म्हणाली.

म्हादू ट्रंकेत कपडे भरायला लागला. कपड्यांच्या घड्या तो अशा घालत होता की जणू कुणी तपासायला येणार आहे. मी आईच्या शेजारी जाऊन बसले. मला खूप बोलायचं होतं. देवीला वार कळतो का, तिला काय फौजेचा फोन येतो का, असलं काहीबाही. पण आईच्या हनुवटीखालची शीर उडत होती ती मला दिसली, आणि मी गप्प बसले. तिच्या जिवात काय चाललं होतं ते आता लिहिताना कळतं. वार मोडून नेलं आणि पोरीला काही झालं तर? वार पाळला आणि बाप परत आलाच नाही तर? दोन्हीकडे तिचंच लेकरू होतं.

मग आई उठली आणि रूपालीला म्हणाली, "पोरीचं टोपडं कुठाय? लय ऊन हाय भाईर."

म्हादूच्या मित्राच्या जीपमध्ये आम्ही निघालो तेव्हा उन्हाचा तडाखा पुरता बसला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची खुंटं, मधेच पातीनं झाकलेली कांद्याची आरण, आणि त्यापलीकडे काही नाही. खिडकीतून येणारा वारा तापलेल्या तव्यासारखा होता. एरवी या रस्त्यावरून जाताना मी गाडी दहा ठिकाणी थांबवते. संध्याकाळी मेंढरांचा कळप परत येत असला की त्यांच्या मागून सूर्य आणि मधे धूळ, पुण्याहून लोक मुद्दाम येतात तो फोटो काढायला. त्या दिवशी माळावर कळप होता, पण धूळसुद्धा जमिनीला चिकटून बसली होती. म्हादूचा फोन पुन्हा वाजला. "रहिमतपूरच्या अलीकडं हाय, पोचतूय," तो पुढे गेलेल्या सोबत्यांना खोटंच बोलला. आई सईच्या टोपड्यावर हात धरून बसली होती. गाभारा दुपारचा बंद असला तर काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि कुणीच तो काढत नव्हतं.

दार उघडं होतं. अनवाणी पायांनी आम्ही पायऱ्या जवळजवळ पळत चढलो. आत गार होतं, अंधार होता, समईचा उजेड देवीच्या चांदीवर थरथरत होता. म्हादूनं मुलीला दोन्ही हातांवर घेऊन देवीच्या पायांशी ठेवलं. गुरवानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. सई रडली नाही, वर समईकडे बघत राहिली. त्या उजेडात तिचा चेहरा मला दिसला आणि माझे हात शिवशिवले. असा उजेड मी आयुष्यात शोधत आले आहे. पण गाभाऱ्यात कॅमेरा काढायचा नाही, पाटीच होती.

"आता न्हे भाईर," आई म्हणाली. "काढ फोटू. मी हितंच हाय." ती देवीसमोर बसली, आमच्याकडे पाठ करून. आमच्याकडे घरातून लढाईवर जाणाऱ्याची पाठ आई बघत नाही. ती तोंड फिरवून बसते, म्हणजे तो परत समोरून येतो.

बाहेर सूर्य डोक्यावर. मी ठरवलेल्या पायरीकडे पाहिलं तर ती पांढरीफटक पडली होती, आकारच नव्हता तिला. भिंतीला टिचभर सावली होती, तिथं यात्रेकरू दाटीवाटीनं बसले होते. त्यांना उठवणार तरी कसं? झाड नाही. "इकडं सरका. मागं खांब येतोय. न्हाई, तिकडं नको, भगभगतंय." मी चिडले होते. कुणावर, ते मलाही ठाऊक नव्हतं. सईच्या डोळ्यांवर ऊन आलं आणि ती किंचाळायला लागली. तोंड लालबुंद, डोळे गच्च मिटलेले. खालून जीपचा भोंगा वाजला. रूपाली एका बाजूला उभी राहून ओठ चावत होती. आता हा असाच जाणार होता.

म्हादूनं काय केलं, तर तो वळला. उन्हाकडे पाठ केली आणि मुलीवर वाकला, इतका की त्याची सगळी सावली तिच्यावर पडली. रडणं थांबलं. सईनं डोळे उघडले आणि वर बघितलं.

मी तापलेल्या फरशीवर गुडघे टेकले. कॅमेऱ्यातून बघते तर माझे सगळे नियम उलटे. सूर्य त्याच्या पाठीशी, त्याचं तोंड काळं, खांद्यांची कड जळून पांढरी झालेली.

"म्हादू, तोंड वर कर. काय दिसत न्हाई तुजं."

त्यानं मान हलवली नाही.

"आरं, एकदा बघ हिकडं!"

"काढ, आक्का," तो खाली बघतच म्हणाला. "तसाच काढ."

मी काढला. पुन्हा म्हटलं वर बघ, पुन्हा काढला. त्यानं वर बघितलं नाही. मग मुलीला रूपालीच्या हातात दिलं, टोपी चढवली, गाभाऱ्याच्या दाराला हात लावून कपाळाला लावला आणि पायऱ्या उतरून गेला. जीपची धूळ रहिमतपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघी बघत होतो. आत आई बसून होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगवत नाही. म्हादूचा फोन लागत नव्हता. गावातल्या कुणाच्याच मुलाचा लागत नव्हता. सांगलीत मी वर्गावर जायची, मुलांना फुलदाणी काढायला लावायची आणि टेबलाखाली मोबाइल बघायची. बातम्या सांगणारे ओरडत होते आणि त्यांतून काही कळत नव्हतं. रात्रंदिवस एकच वाट बघणं. फोटो मी रूपालीच्या मोबाइलवर पाठवला होता. दुसऱ्याच दिवशी आईचा फोन.

"पोरगी लय ग्वाड आलीया. पर म्हादूचं त्वांड कुठाय?"

"सावलीत आलंय, आई."

"मग उजळ कर की. तू तर उजळ करतीस न्हवं लोकांचं. आईला पोराचं त्वांड दिसाय नगं?"

हे करता येतं. कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलमध्ये अंधारातही बरंच काही असतं, संगणकावर ते हळूहळू वर आणता येतं. आज करते म्हटलं. पण संध्याकाळी रूपालीचा फोन आला, आवाज एकदम खालचा. "आक्का, आत्याबाई म्हणत्यात ते करू नका. ऱ्हाऊ द्या तसंच."

"का गं?"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फोटो उघडून बसले. आधी मुलीकडे बघत राहिले. इतक्या भगभगीत दुपारी तिच्या चेहऱ्यावर इतका मऊ उजेड आला कुठून? वर बापाची सावली, आणि खालच्या पांढऱ्या फरशीवरून परतून आलेलं ऊन. कुठं कडक रेघ नाही, डोळ्यांत पूर्ण आभाळ. वर्गात मी याला मोकळी सावली म्हणते, झाडाखाली किंवा दारात उभं करून काढायला सांगते. इथं झाड नव्हतं, दार नव्हतं. आणि तेव्हा मला आमचे वडील, अण्णा, आठवले. मेंढरं घेऊन माळानं चालताना भर दुपारी एखादी मेंढी व्यायली, तर ते उन्हाकडे पाठ करून त्या ओल्या कोकराशी उभे राहायचे. कोकरू वाळून स्वतःच्या पायांवर उभं राहीपर्यंत हलायचे नाहीत, मानेवर ऊन घेत. लहानपणी आम्ही दोघांनी ते किती वेळा पाहिलं होतं. म्हादूला ते आठवलं असेल असं मला वाटत नाही. त्याचं अंग तसं आपोआप वळलं.

मग मी अंधार वर आणायला लागले. आधी कान दिसला, मग गालाचं हाड, मग डोळे. आणि माझा हात थांबला. म्हादू रडत होता. आवाज नाही, तोंड वाकडं नाही, नुसते डोळे वाहत होते आणि हनुवटीवर एक थेंब लोंबत होता. अण्णा गेले तेव्हा तो परेडला उभा असल्यासारखा उभा होता. मुलगा गेल्याचं कळलं तेव्हा "बरं" म्हणाला होता. त्या "बरं"च्या पलीकडे काय होतं ते आता माझ्यासमोर होतं, आणि मी ते बघायला नको होतं. रूपाली त्या वेळी बाजूला उभी होती. तिला तेव्हाच दिसलं होतं.

मी सगळं पुन्हा खाली नेलं, होतं तसं. आईला सांगितलं, "होत नाही गं. अंधार फार आहे."

"एवढा म्हागाचा कॅमेरा, आन् अंधार निगत न्हाई त्येच्यातनं?" आई म्हणाली. पुढं रोज फोन केला, पण फोटोचं काढलं नाही.

एके दिवशी भर वर्गात मोबाइल थरथरला. "आक्का, बरा हाय. जेवलोय." मी फुलदाणीपुढं खुर्चीवर बसून मुलांसमोर रडले. मुलांना वाटलं, चित्रं फारच वाईट आली.

हे सगळं गेल्या चैत्रातलं. परवा यात्रेला म्हादू पुन्हा आला. थोडा वाळलाय, कानशिलाचे केस पांढरे झालेत. सई आता अंगणभर पळते आणि बापाच्या टोपीत चिंचोके भरते. मी सांगलीहून तो फोटो मोठा छापून नेला होता. छापताना सावली अगदी कणभर उचलली होती, हा म्हादूच आहे एवढं कळावं म्हणून. आईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. "घरात काय दिसत न्हाई," म्हणत ती फोटो घेऊन अंगणात गेली, मी तिच्यामागोमाग. दुपारच्या उन्हात तो गुळगुळीत कागद नुसता आरशासारखा चमकायला लागला. तिनं तो इकडे धरला, तिकडे धरला, वैतागली. मग ती वळली, उन्हाकडे पाठ केली आणि फोटोवर वाकली. तिची सावली कागदावर पडली आणि चमक गेली.

ती बराच वेळ बघत होती. मग तिनं म्हादूच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथं एक बारीक पांढरा ठिपका होता. तेवढा तो पुसायचा माझ्याकडून राहून गेला होता.

"ह्ये काय गं?"

मी तिच्या बोटाकडेच बघत म्हणाले, "घाम असंल, आई. किती ऊन होतं त्या दिवशी."

आईनं माझ्याकडे बघितलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, पण नीट बघितलं. आत सईचं खिदळणं ऐकू येत होतं आणि म्हादू तिला उचलून काहीतरी बडबडत होता. आईनं पदरानं तो ठिपका पुसल्यासारखा केला आणि फोटो छातीशी धरला.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "कुणी इचारलं तर घामच म्हनायचं. त्यानं इचारलं, तरीबी."